दमा आणि वाढलेलं वजन: शाळकरी मुलांच्या बाबतीत कशानंतर काय करायचं

मुलाचं वजन वाढलंय. जिना चढताना धाप लागते. इनहेलरचा पंप दप्तरात असतोच. डॉक्टर म्हणतात, "वजन कमी करा." मग दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला बाबा त्याला मैदानावर पळवायला नेतात. तिसऱ्या दिवशी खोकला, चौथ्या रात्री घरघर, पाचव्या दिवशी मैदान बंद. आमच्या घरी हे दोनदा झालं. नंतर ओळखीच्या पालकांशी बोलताना जवळजवळ शब्दाला शब्द तीच हकीकत ऐकू आली, तेव्हा लक्षात आलं की मेहनतीत कुणी कमी पडत नव्हतं, क्रम उलटा लागत होता.

क्रम असा हवा: आधी श्वास, मग हालचाल, मग ताट. दमा आटोक्यात नसलेल्या मुलाला पळवता येत नाही, आणि हालचाल नसलेल्या मुलाचं नुसतं खाणं कमी केलं तर ते चिडचिडं होतं आणि चोरून खातं. खालचे टप्पे साधारण सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी आहेत. औषधाचं नाव आणि मात्रा तुमचे बालरोगतज्ज्ञच ठरवतील. त्याच्या अवतीभवतीचं जे काम घरच्यांनी करायचं असतं आणि जे हमखास चुकतं, ते इथे आहे.

## दोन्हींचा संबंध, कामापुरता

पोटावर आणि छातीवर चरबी साठली की श्वासपटलाला, म्हणजे फुफ्फुसांखालच्या स्नायूच्या पडद्याला, खाली सरकायला जागा कमी मिळते. मूल उथळ श्वास घेऊ लागतं, फुफ्फुसं पुरेशी फुगत नाहीत आणि आधीच अरुंद असलेल्या बारीक श्वासनळ्या आणखी मिटतात. शिवाय चरबी नुसती पडून राहत नाही. तिच्यातून सूज वाढवणारे पदार्थ रक्तात जातात, आणि अशा काही मुलांत इनहेलरमधल्या स्टेरॉइडचा परिणामही कमी दिसतो. आणखी एक गोष्ट पालकांना सहसा कुणी सांगत नाही. काही स्थूल मुलांची फुफ्फुसं मोठी होतात, पण त्या प्रमाणात श्वासनळ्या रुंद होत नाहीत. मोठा फुगा आणि त्याला बारीक नळी, अशी अवस्था. हवा आत भरपूर जाते, बाहेर पडायला वेळ लागतो.

अमेरिकेत पाच लाखांहून अधिक मुलांच्या वैद्यकीय नोंदी तपासून २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात स्थूल मुलांना दमा होण्याचा धोका इतरांपेक्षा सुमारे २५ ते ३० टक्क्यांनी जास्त दिसला. उलट दिशेचा पुरावाही आहे. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या, सुरुवातीला स्थूल नसलेल्या दोन हजारांवर मुलांवर काही वर्षं लक्ष ठेवलं, तर लहानपणी दमा असलेली मुलं पुढे स्थूल होण्याची शक्यता ५१ टक्क्यांनी अधिक निघाली. ज्या मुलांनी झटक्याच्या वेळचं औषध वापरलं होतं, त्यांच्यात मात्र स्थूलपणाचा धोका कमी होता. २०१७ चा हा निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. "पंपामुळे मूल सुटतं" ही आपल्याकडची ठाम समजूत आहे, आणि तो बरोबर उलट सांगतो.

## टप्पा १: तयारी (एक आठवडा)

शक्य असेल तर हे काम उन्हाळ्याच्या सुट्टीत सुरू करा. जूनच्या मध्याला शाळा उघडतात, वर्गात सर्दी फिरू लागते, पहिल्या पावसानंतर भिंतींना ओल येते. दम्याच्या नियमित औषधाचा पूर्ण परिणाम दिसायला कधीकधी तीन महिने लागतात, त्यामुळे जूनमध्ये जागे झालो तर तो महिना हातचा जातो.

एक साधी दोनशे पानी वही घ्या आणि त्यात सात दिवस रोज चारच गोष्टी लिहा: खोकला किंवा घरघर कधी झाली, रात्री जाग आली का, झटक्याच्या (धाप लागल्यावर घ्यायच्या) पंपाचे किती पफ, म्हणजे फवारे, लागले, आणि मूल किती वेळ खेळलं. वजन या आठवड्यात एकदाच, रोज नाही.

सोबत हे जमवून ठेवा:

- गेल्या दोन वर्षांतली सगळी प्रिस्क्रिप्शनं. तोंडावाटे दिलेली स्टेरॉइडची गोळी किंवा सिरप (बहुधा प्रेडनिसोलोन) किती वेळा झालं, ते मोजा.
- धाप लागलेली असताना मोबाइलवर काढलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. शर्ट वर करून, छाती आणि गळ्याचा खड्डा दिसेल असा. दवाखान्यात पोचेपर्यंत मूल ठीक झालेलं असतं, म्हणून हा व्हिडिओ तोंडी वर्णनापेक्षा जास्त कामाचा ठरतो.
- घरातले सगळे पंप, अर्धवट संपलेलेसुद्धा, आणि स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी.

सावधान: "दम्याची हमखास पुडी" म्हणून लेबल नसलेली पावडर किंवा गोळी चालू असेल, तर ती पिशवीत घाला आणि डॉक्टरांना दाखवा. अशा औषधांत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार भारतात आढळले आहेत. मुलाला पटकन बरं वाटतं, भूक प्रचंड वाढते, चेहरा गोल होतो, आणि घरचे म्हणतात तब्येत सुधारली. पण बरेच दिवस घेतलेलं असं औषध एका दिवसात तोडणंही धोक्याचं असतं. त्यामुळे बंद कसं करायचं, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

## टप्पा २: नीट मोजा

उंची मोजताना बूट-मोजे काढा, टाचा, पाठ आणि डोकं भिंतीला टेकवा, नजर सरळ. डोक्यावर जाडजूड पुस्तक भिंतीला काटकोनात धरून पेन्सिलीची खूण करा. वजन सकाळी, हलक्या कपड्यांत, दर वेळी त्याच काट्यावर.

बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. समजा मुलगा नऊ वर्षांचा, उंची १३० सेंटिमीटर, वजन ३६ किलो. १.३ गुणिले १.३ म्हणजे १.६९. ३६ ला १.६९ ने भागलं की २१.३.

इथेच सर्वांत मोठी चूक होते. मोबाइलवरच्या ॲपमध्ये हा आकडा टाकला की ते "नॉर्मल" म्हणतं, कारण ते मोठ्यांचं ॲप असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यानुसार नऊ वर्षांच्या मुलासाठी २१.३ हा स्थूलपणाच्या पट्ट्यातला आकडा आहे. मुलांचा बीएमआय वय आणि लिंगानुसारच वाचायचा असतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे आयएपीने, २०१५ मध्ये पाच ते अठरा वर्षांच्या भारतीय मुलांसाठी वेगळे तक्ते दिले आहेत. त्यात प्रौढांच्या २३ आणि २७ बीएमआयशी जुळणाऱ्या दोन रेषा आहेत. पहिली ओलांडली तर अतिवजन, दुसरी ओलांडली तर स्थूलपणा. डॉक्टरांना त्या तक्त्यावर ठिपका मारून दाखवायला सांगा आणि त्याचा फोटो काढून घ्या.

घरी एक ढोबळ खूण वापरता येते: पोटाचा घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा जास्त नको. १३० सेंटिमीटर उंचीला ६५ सेंटिमीटर.

आता उद्दिष्ट. त्याच मुलाची वर्षभरात उंची सहा सेंटिमीटरनी वाढली आणि वजन ३६ किलोवरच राहिलं, तर बीएमआय १९.५ होतो आणि तो स्थूलपणाच्या पट्ट्यातून बाहेर येतो. एक किलोही न घटवता. वाढत्या वयातल्या बहुतेक मुलांसाठी "वजन कमी" हे उद्दिष्टच नसतं. वजन थोपवून धरायचं आणि उंचीला पुढे जाऊ द्यायचं. स्थूलपणा फार जास्त असेल, किंवा मूल वयात आलेलं असेल आणि उंची वाढायची थांबत आली असेल, तर डॉक्टर वेगळं ठरवतील.

तपासा: आजी-आजोबांना हा आकडा दाखवलात का? "गुटगुटीत आहे, खात्यापित्या घरचं पोर" हे वाक्य घरात चालू राहिलं, तर पुढचा एकही टप्पा टिकत नाही. वाद न घालता तक्ता समोर ठेवा.

## टप्पा ३: धाप नेमकी कशाची?

वजनदार मुलाला धाप लागते ती दोन कारणांनी लागू शकते: श्वासनळ्या आकसल्यामुळे, किंवा नुसता दमसास कमी पडल्यामुळे. दोन्ही एकाच मुलात असतात, तेव्हा गोंधळ होतो. दमसास कमी म्हणून लागलेल्या धापेला रोज पंप दिला जातो, आणि खऱ्या दम्याला "जाड आहे म्हणून दमतो" म्हणून औषधच मिळत नाही. दोन्ही चुका मी जवळून पाहिल्या आहेत, आणि दुसरी अधिक घातक आहे.

घरी बघायच्या खुणा:

दमसासाची धाप पळता पळताच लागते आणि थांबल्यावर पाच-एक मिनिटांत उतरते. चेहरा लाल होतो, पण खोकला नसतो. दम्याची धाप बऱ्याचदा खेळ थांबल्यावर पाच ते पंधरा मिनिटांनी चढत जाते. सोबत कोरडा खोकला, छाती आवळल्याची तक्रार, श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज असतो. शिवाय दमा रात्री आणि पहाटे त्रास देतो, दमसास कमी असण्याचा झोपेत काही संबंध नाही.

खुणांवर थांबू नका. पाच-सहा वर्षांपुढचं मूल स्पायरोमेट्री करू शकतं. नळीत जोराने फुंकायची तपासणी आहे, सुई नाही. पंप देण्याआधी आणि नंतर फुंकायला लावतात. औषधानंतर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १२ टक्क्यांहून अधिक वाढली, तर दम्याच्या निदानाला बळ मिळतं. स्थूल मुलांत त्या पहिल्या सेकंदाचा आकडा एकटा पाहिला तर ठीकच दिसू शकतो. एकूण हवेशी त्याचं गुणोत्तर कमी असतं. रिपोर्ट हातात आला की "गुणोत्तर किती आहे?" असं आवर्जून विचारा.

तपासणी जवळपास होत नसेल, तर पीक फ्लो मीटर हे फुंकलेल्या हवेचा वेग मोजणारं छोटं उपकरण मेडिकलमध्ये मागवून मिळतं. उभं राहून, पूर्ण श्वास घेऊन, एकदम जोरात फुंकायचं. तीनदा करून सर्वांत मोठा आकडा वहीत. सकाळ-संध्याकाळ दोन आठवडे.

## टप्पा ४: औषध योग्य जागी पोचवा

सगळ्या क्रमाचा पाया हाच आहे, म्हणून इथे घाई करू नका.

दोन पंप, दोन कामं. एक झटक्याचा: साल्ब्युटामॉल किंवा लेव्होसाल्ब्युटामॉल. काही मिनिटांत नळ्या उघडतो, पण सूज कमी करत नाही. दुसरा रोजचा: बुडेसोनाइड, फ्लुटिकासोन किंवा बेक्लोमेथासोन, कधी दुसऱ्या औषधाच्या जोडीने. तो सूज उतरवतो, आणि त्याचा परिणाम जाणवायलाच एक-दोन आठवडे जातात. काही जोडऔषधं डॉक्टर दोन्ही कामांसाठी देतात. टोपणाच्या रंगावर विसंबू नका, कंपनीगणिक तो बदलतो. नाव वाचा आणि पंपावर मार्करने मोठ्या अक्षरात "रोजचा" आणि "झटक्याचा" लिहा.

नेहमीची चूक अशी की रोजचा पंप पंधरा दिवसांत "फरक नाही" म्हणून किंवा महिन्याभरात "आता बरं आहे" म्हणून बंद होतो, आणि झटक्याचा पंप मात्र वर्षभर चालतो.

स्पेसरने पंप घेण्याचा क्रम:

१. मूल ताठ बसलेलं किंवा उभं. पोट मोठं असलेल्या मुलाने वाकून, सोफ्यात रुतून बसून औषध घेतलं तर श्वास अर्धवट जातो.

२. पंप चार-पाच वेळा जोरात हलवा. नवीन किंवा बरेच दिवस न वापरलेला पंप असेल, तर आधी दोन-तीन पफ हवेत सोडा.

३. स्पेसरला जोडा. तोंडाचा भाग दातांच्या मध्ये, ओठ घट्ट मिटलेले. शाळकरी मुलाला मास्क लागत नाही.

४. श्वास सोडायला सांगा, एकच पफ दाबा, मग सावकाश खोल श्वास आणि मनात दहा आकडे मोजेपर्यंत रोखून धरणं. रोखणं जमत नसेल, तर स्पेसरमध्येच पाच-सहा संथ श्वास.

५. दुसरा पफ असेल तर अर्धा-एक मिनिट थांबून, पुन्हा हलवून.

६. रोजच्या पंपानंतर चूळ भरून थुंकायचं. गिळायचं नाही.

काही स्पेसर श्वास फार जोरात ओढला की शिट्टी वाजवतात. मुलांना ती शाबासकी वाटते. ती चुकीची खूण आहे, हे समजावून सांगा.

स्पेसर महिन्यातून एकदा तरी कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून काढा आणि तसाच वाळू द्या. फडक्याने पुसू नका. घासल्याने प्लास्टिकवर स्थिर विद्युत तयार होते आणि औषधाचे कण आतल्या बाजूला चिकटून राहतात. नवा स्पेसरही आधी असाच धुवून घ्या.

कॅप्सूलमधली पावडर श्वासाने ओढायचं यंत्र असेल तर तंत्र बरोबर उलटं: श्वास जोरात आणि खोल ओढायचा, यंत्रात फुंकायचं नाही. कॅप्सूल यंत्रात आदल्या रात्री भरून ठेवू नका. पावसाळ्याच्या दमट हवेत पावडरीच्या गाठी होतात. आणि ती कॅप्सूल गिळायची नसते. हे लिहावं लागतं, कारण घरोघरी आजही ती पाण्याबरोबर दिली जाते.

पंपात किती पफ उरले, हे पाण्यात तरंगवून कळत नाही. उरलेल्या पफचा आकडा दाखवणारा पंप घ्या, नाहीतर सुरू केल्याची तारीख लिहा आणि हिशेब ठेवा.

स्टेरॉइडची भीती. पंपातून जाणारी मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि बहुतांश फुफ्फुसांतच काम करते. वजन आणि भूक वाढते ती तोंडावाटे घेतलेल्या स्टेरॉइडच्या वारंवार होणाऱ्या कोर्सने, आणि रोजचा पंप टाळल्यामुळेच त्या कोर्सची वेळ येते. पंपाच्या स्टेरॉइडने उंचीत साधारण एक सेंटिमीटरचा फरक पडू शकतो. ही गोष्ट लपवण्यासारखी नाही, पण अनियंत्रित दमा, रात्रीची मोडलेली झोप आणि बंद पडलेलं मैदान यांची किंमत त्याहून मोठी आहे.

तपासा, दर चार आठवड्यांनी: गेल्या महिन्यात १) दिवसा त्रास आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त झाला का? २) दम्याने रात्री जाग आली का? ३) झटक्याचा पंप आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागला का? ४) दम्यामुळे खेळ सोडावा लागला का? चारही उत्तरं "नाही" असतील, तरच टप्पा ६ सुरू करा. एक-दोन "हो" असतील, तर आधी पंप घेण्याची पद्धत पुन्हा पाहा, मग डॉक्टर. तीन-चार "हो" असतील, तर याच आठवड्यात डॉक्टर. मात्रा स्वतः वाढवू नका.

## टप्पा ५: घरातला धूर आणि धूळ

हे पटकन. मच्छर कॉइल बंद, उदबत्ती-धूप मुलाच्या खोलीत नको, घरात सिगारेट-विडी कुणीही नाही, गॅलरीतसुद्धा नाही. चादरी-उशांचे अभ्रे आठवड्याला गरम पाण्यात. जुनी कापसाची गादी आणि गोधड्या उन्हात, पण झटकताना मूल दुसऱ्या खोलीत. ओल आलेल्या भिंतीला मुलाचा पलंग लावू नका. झुरळांचा बंदोबस्त करा, त्यांच्या विष्ठेनेही दमा उसळतो. दिवाळीआधीची साफसफाई आणि रंगकाम हे त्रासाचे ठरलेले दिवस असतात, तेवढे दिवस मूल आत्याकडे किंवा मामाकडे गेलेलं बरं.

## टप्पा ६: हालचाल

आता मैदान. पाच ते सतरा वयोगटासाठी जागतिक आरोग्य संघटना रोज सरासरी ६० मिनिटं हालचाल सांगते. ते शेवटचं गाव आहे. निघायचं दहा मिनिटांपासून.

आठवडा १ आणि २: रोज १० ते १५ मिनिटं चालणं. बोलता येईल इतक्या वेगाने. मूल तुमच्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारू शकलं पाहिजे.

आठवडा ३ आणि ४: २०-२५ मिनिटं, मध्ये एक-एक मिनिट भरभर आणि दोन मिनिटं सावकाश.

आठवडा ५ ते ८: खेळ. लगोरी, बॅडमिंटन, क्रिकेट, लंगडी, थांबत थांबत पळायला लागणारं काहीही. दम्याच्या मुलाला सलग लांब धावण्यापेक्षा असे खेळ सोसतात. पोहणंही चांगलं, कारण हवा दमट असते. बंदिस्त तलावात क्लोरिनचा वास झोंबत असेल, तर मात्र उघड्या तलावावर जा.

आठवडा ९ पासून: दिवसभरात मिळून ६० मिनिटांकडे. शाळेत चालत जाणं, जिना, मधली सुट्टी, सगळं धरा.

दर वेळी आधी दहा मिनिटं हलका व्यायाम, शेवटी पाच मिनिटं मंद चाल. एकदम सुरू आणि एकदम बंद, यानेच नळ्या आकसतात. थंडीत पहाटेऐवजी संध्याकाळ निवडा, नाकाने श्वास घ्यायची आठवण करून द्या. शहरात धुरकट हवेच्या दिवशी घरातच सूर्यनमस्कार किंवा दोरीशिवाय दोरीच्या उड्या.

डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर खेळाआधी दहा-पंधरा मिनिटं झटक्याचा पंप द्या. पण रोजच तो द्यावा लागत असेल, तर दमा आटोक्यात नाही असा त्याचा अर्थ होतो. टप्पा ४ कडे परत.

सावधान: सर्दी-ताप, घरघर किंवा रात्री खोकला असेल त्या दिवशी सुट्टी. पण बरं वाटल्यावर दोन दिवसांत, पहिल्या आठवड्याच्या वेगाने, पुन्हा सुरू. "जरा पूर्ण बरं होऊ दे" म्हणत महिना निघून जातो, आणि वजन नेमकं त्या महिन्यांत वाढतं.

## टप्पा ७: ताट

दम्याच्या घरात आधीपासून एक पथ्य चालू असतं: दही नको, केळं नको, पेरू नको, संत्रं नको, भात नको, सगळं "थंड". पण भूक तर लागतेच. मग पेरूच्या जागी बिस्किटं येतात, ताकाच्या जागी दुधात चॉकलेटी पावडर, आणि खारी-टोस्ट-फरसाण "गरम" म्हणून निर्धास्त चालतं. वजन वाढायला या एका पथ्याने जितका हातभार लावला आहे, तितका वडापावानेही लावला नसेल, असं माझं ठाम मत आहे. शाळकरी वयात अन्नाने दमा उसळणं क्वचितच घडतं. एखादा पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत त्रास होतो आणि तसं दर वेळी होतं, असं वहीत दिसलं तरच डॉक्टरांशी बोलून तो बंद करा. बाकी फळं आणि ताक परत आणा, हा या टप्प्याचा पहिला भाग.

दुसरा भाग: एका वेळी एकच बदल, दोन आठवडे. आमच्याकडे चाललेला क्रम देते.

आधी गोड पेयं. २५० मिलिलीटर कोलात साधारण २६ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. सरबत, पॅकबंद ज्यूस, दुधातली पावडर, सगळं याच खात्यात. मग संध्याकाळचे पाच. शाळेतून आलेलं मूल भुकेने कासावीस असतं आणि हाताला लागेल ते खातं. त्याआधीच टेबलावर उसळ, मुगाचं धिरडं, कमी तेलातलं थालीपीठ, उकडलेलं अंडं किंवा भाजलेले चणे-शेंगदाणे तयार हवेत. मग डबा: मॅगी आणि जॅम-पोळीऐवजी मटकी किंवा मेथी-पोळी. सगळ्यांत शेवटी जेवणाचं प्रमाण: अर्धं ताट भाजी-कोशिंबीर-उसळ, मग पोळी-भात, दुसऱ्या वाढपाआधी दहा मिनिटं थांबायचं.

मुलाला वेगळं "डाएट" देऊ नका. जे त्याच्या ताटात तेच सगळ्यांच्या. उपवास, कीटो, जेवण तोडणं, वजनाच्या पावडरी, यातलं काहीही वाढत्या वयात नको. आणि "जाड्या", "ढोल्या" ही हाक घरात बंद, प्रेमानेसुद्धा. शाळेत ते शब्द ऐकून आलेलं मूल घरीही तेच ऐकतं, आणि मग मैदानावर जायलाच नकार देतं.

## टप्पा ८: झोप, नाक, पोट

सगळं करूनही धाप आणि खोकला कमी होत नसेल, तर या तीन जागा पाहा. मूल रोज घोरतं, झोपेत श्वास अडकून दचकतं, दिवसा पेंगतं? स्थूल मुलांत झोपेतला श्वासरोध जास्त असतो, त्यासाठी कान-नाक-घसा तज्ज्ञ. नाक कायम चोंदलेलं, सकाळी शिंका? नाकाची ॲलर्जी तशीच ठेवून दमा आटोक्यात येत नाही. आडवं झाल्यावर खोकला, आंबट ढेकर? रात्रीचं जेवण झोपेआधी दोन-तीन तास. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते. अपुऱ्या झोपेने भूक वाढते, म्हणून मोबाइल झोपायच्या खोलीबाहेर.

दम्यासाठी माँटेलुकास्टची गोळी चालू असेल आणि त्यानंतर वाईट स्वप्नं, चिडचिड किंवा उदासपणा दिसला, तर डॉक्टरांना लगेच सांगा.

## टप्पा ९: शाळेसाठी एक पान

डॉक्टरांच्या सहीचं एकच पान: रोजचं औषध, झटक्याचं औषध आणि मात्रा, आई-बाबांचे फोन. एक प्रत वर्गशिक्षकांकडे, एक पीटीच्या सरांकडे. त्यात हे वाक्य असू द्या: "मुलाला खेळातून वगळू नये. आधी दहा मिनिटं हलका व्यायाम करून घ्यावा." "दमा आहे, बाजूला बस" हे भल्यासाठीच म्हटलं जातं, पण त्याने वजन आणि दमा दोन्ही वाढतात. दप्तरात झटक्याचा पंप आणि स्पेसर, दोन्ही.

झटका आला तर: ताठ बसवा, झोपवू नका. स्पेसरने चार पफ, एकेक करून. चार मिनिटं थांबा. फरक नसेल तर पुन्हा चार, आणि १०८ ला फोन. रुग्णवाहिका पोचेपर्यंत हेच चालू ठेवा. डॉक्टरांनी वेगळा आकडा लिहून दिला असेल तर तो पाळा. एक वाक्य पूर्ण बोलता न येणं, फासळ्यांमध्ये खड्डे पडणं, ओठ निळसर होणं, मूल सुस्तावणं, किंवा धाप असूनही घरघर अचानक ऐकू न येणं: यातलं काहीही दिसलं तर न थांबता दवाखाना. साध्या पाण्याची वाफ, बाम, काढा यात वेळ घालवू नका.

## टप्पा १०: तीन महिन्यांनी

वही, पंप, स्पेसर आणि पुन्हा मोजलेली उंची-वजन घेऊन जा. डॉक्टरांसमोर मुलाला पंप घेऊन दाखवायला लावा, चूक तिथेच सापडते. आयएपीच्या तक्त्यावर दुसरा ठिपका मारून घ्या. तो पहिल्यापेक्षा वर गेला नसेल, तर काम नीट चाललं आहे. नुसता काट्यावरचा आकडा पाहून निराश होऊ नका. प्रौढांत ५ ते १० टक्के वजन उतरल्यावर दमा सुधारलेला दिसतो. मुलांवरचे अभ्यास लहान आहेत, पण त्यांतही दम्याचा त्रास कमी झालेला दिसला आहे.

दमा सलग तीन महिने आटोक्यात असेल, तर रोजचं औषध कमी करण्याचा विषय काढता येतो. तो डॉक्टरांनी, हळूहळू, आणि शाळा उघडण्याच्या किंवा दिवाळीच्या तोंडावर नाही. औषध कमी केल्यावर चार प्रश्नांची तपासणी महिन्याऐवजी दर आठवड्याला करा. वर्षातून एकदा फ्लूची लस घ्यायची का, तेही याच भेटीत विचारा, आणि पुढची तारीख घेऊनच बाहेर पडा.